त्वचेचा कर्करोग आणि रक्ताची साक्ष

(शिक्षक, पंचायत सदस्य व आरोग्य कर्मचारी यांच्या मेळाव्यात झालेल्या भाषणाचा मजकूर)



“रक्ताच्या एका तपासणीने कर्करोग ओळखता येणार” अशा आशयाच्या बातम्या गेल्या काही वर्षांत वृत्तपत्रांतून वरचेवर वाचावयास मिळतात. बातमी वाचून गावातील एखादा तरुण शिक्षकांना विचारतो, एखादे सरपंच तालुक्याच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना विचारतात : ही तपासणी आपल्याकडे कधी येणार? प्रश्न रास्त आहे. परंतु त्याचे उत्तर एका वाक्यात देण्याजोगे नाही. रक्त काय सांगू शकते, कोणत्या रुग्णाबाबत सांगू शकते आणि कोठे ते मौन पाळते, हे समजून घेतल्याखेरीज अशा बातमीचा अर्थ नीट लागत नाही. मेलॅनोमा हा त्वचेच्या कर्करोगाचा अत्यंत घातक प्रकार. त्याच्या उदाहरणावरून ही गोष्ट चांगली स्पष्ट होते. कारण रक्ततपासणीचा उपयोग आणि तिच्या मर्यादा या दोन्ही या रोगात ठळकपणे दिसून आल्या आहेत.

काळ्या डागाचा रोग

मनुष्याच्या त्वचेत मेलॅनिन नावाचे रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशी असतात. त्वचेचा सावळा किंवा गोरा वर्ण या रंगद्रव्यावर अवलंबून असतो. या रंजक पेशींची वाढ अनिर्बंध होऊ लागली म्हणजे मेलॅनोमा उद्भवतो. स्टेथोस्कोपचे जनक म्हणून ज्यांची ख्याती आहे, त्या लेनेक या फ्रेंच वैद्याने १८०६ साली आपल्या लेखनात या काळ्या गाठींच्या रोगाचे स्वतंत्र वर्णन केले. प्रगत अवस्थेतील काही रुग्णांची लघवी हवेत राहिल्यावर काळपट पडते, हेही एकोणिसाव्या शतकातील वैद्यांच्या नजरेस आले होते. रोगाची खूण शरीरातील द्रवांत उतरते, या विचाराचा उगम असा जुना आहे.

हा रोग जगात सर्वत्र सारख्या प्रमाणात आढळत नाही. युरोपातून जाऊन स्थायिक झालेल्या गौरवर्णीय लोकांची वस्ती आणि प्रखर ऊन यांचा संयोग झालेल्या ऑस्ट्रेलियात त्याचे प्रमाण फार मोठे आहे. तेथे दर लाख लोकसंख्येमागे प्रतिवर्षी पन्नासाहून अधिक नवे रुग्ण आढळतात. भारतात हेच प्रमाण लाखामागे एकापेक्षाही कमी आहे. या रोगावरील रक्ततपासण्यांचे बरेचसे संशोधन ऑस्ट्रेलिया, युरोप व अमेरिका येथे व्हावे, यात म्हणूनच नवल नाही.

मेलॅनोमाचे भवितव्य मुख्यतः त्याच्या खोलीवर ठरते. अमेरिकेतील वैद्य अलेक्झांडर ब्रेस्लो यांनी १९७० साली दाखवून दिले की, गाठ त्वचेत किती मिलिमीटर खोल गेली आहे या मोजमापावरून रुग्णाच्या पुढील वाटचालीचा अंदाज करता येतो. वरच्या थरातच असलेला डाग वेळीच कापून काढला तर बहुसंख्य रुग्ण पूर्ण बरे होतात. मात्र पेशी खोल उतरून लसिका ग्रंथींत, आणि तेथून यकृत, फुफ्फुस किंवा मेंदू येथे पोहोचल्या म्हणजे रोग प्रगत झाला असे म्हणतात. रक्ततपासणीचे खरे कार्यक्षेत्र प्रामुख्याने या प्रगत अवस्थेत आहे.

औषधे आली आणि मोजमापाची निकड भासली

इ. स. २०११ पूर्वी प्रगत मेलॅनोमाच्या रुग्णाला देण्याजोगे प्रभावी औषध जवळजवळ नव्हते. अशा रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक रुग्ण वर्षभराच्या आत दगावत. ज्या रोगावर इलाजच नाही त्याचे सूक्ष्म मोजमाप करून रुग्णाचा विशेष लाभ होत नाही. हे चित्र दोन वाटांनी पालटले.

पहिली वाट जनुकांच्या अभ्यासातून निघाली. ब्रिटनमधील शास्त्रज्ञांनी २००२ साली असे दाखविले की, बीरॅफ नावाच्या जनुकातील एक विशिष्ट बिघाड मेलॅनोमाच्या पुष्कळ गाठींत आढळतो. गौरवर्णीयांच्या त्वचेवरील मेलॅनोमात हे प्रमाण जवळजवळ निम्मे भरते. या बिघाडावर नेमका आघात करणारे वेम्युराफेनिब हे औषध २०११ साली अमेरिकेत मान्य झाले. दुसरी वाट शरीराच्या स्वतःच्या प्रतिकारशक्तीला मोकळे करणाऱ्या औषधांची. त्यांपैकी इपिलिमुमॅब २०११ साली, तर पेम्ब्रोलिझुमॅब व निवोलुमॅब २०१४ साली तेथे मान्य झाली. या विचाराचा पाया घालणारे जेम्स ॲलिसन आणि तासुकू होन्जो यांना २०१८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. इपिलिमुमॅब व निवोलुमॅब ही दोन औषधे एकत्र दिलेल्या प्रगत रुग्णांपैकी शेकडा ४३ रुग्ण दहा वर्षांनंतरही हयात होते, असे २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या दीर्घ पाहणीतून दिसून आले.

परंतु ही औषधे अतिशय महाग आहेत. ती प्रत्येकाला लागू पडत नाहीत आणि त्यांचे दुष्परिणामही गंभीर असू शकतात. तेव्हा औषध लागू पडते आहे किंवा नाही, हे शक्य तितक्या लवकर कळावे ही निकड निर्माण झाली. सीटी स्कॅनसारखी चित्रतपासणी साधारणतः काही आठवड्यांच्या किंवा महिन्यांच्या अंतराने होते. मधल्या काळात रोगाची हालचाल कळण्याचा सोपा मार्ग म्हणजे रक्त.

तीन साक्षीदार

रक्तातील साक्षीदार मुख्यतः तीन आहेत. पहिला साक्षीदार जुना व स्वस्त आहे. लॅक्टेट डिहायड्रोजिनेज, म्हणजेच संक्षेपाने एलडीएच, हे विकर शरीरातील जवळपास सर्व पेशींत असते. पेशी फुटल्या की ते रक्तात उतरते. गाठी वाढून त्यांतील पेशी मोठ्या संख्येने मरू लागल्या म्हणजे रक्तातील त्याची पातळी वाढते. ती वाढलेली असल्यास रोगाचा जोर अधिक, असा अनुभव सर्वत्र आला. म्हणून मेलॅनोमाच्या चौथ्या अवस्थेच्या आंतरराष्ट्रीय वर्गवारीत या तपासणीला २००१ साली स्थान देण्यात आले व ते आजही कायम आहे. मात्र हा साक्षीदार ज्याच्या त्याच्याबद्दल बोलतो. यकृताचा विकार, स्नायूंची इजा, रक्तपेशी फुटण्याचा आजार यांतही एलडीएच वाढते. इतकेच काय, रक्त घेताना किंवा नळी नेताना तीतील तांबड्या पेशी फुटल्या तरी आकडा खोटा वाढतो. नमुना काळजीपूर्वक हाताळण्याचे महत्त्व येथे दिसून येते.

दुसरा साक्षीदार म्हणजे एस-१०० बी हे प्रथिन. ते रंजक पेशींत असते, तसेच मज्जासंस्थेच्या पेशींतही असते. जर्मनी व स्वित्झर्लंड या देशांत शस्त्रक्रियेनंतरच्या देखरेखीत त्याचा वापर करण्याची पद्धत आहे. एलडीएचच्या तुलनेत हा साक्षीदार अधिक नेमका आहे. तरी मेंदूला मार लागल्यासही त्याची पातळी वाढत असल्याने त्याची साक्ष पडताळून घ्यावी लागते.

तिसरा साक्षीदार सर्वांत नवा. आधुनिक संशोधनाचे लक्ष विशेषेकरून त्याच्यावर केंद्रित झाले आहे. फ्रान्समधील मांडेल आणि मेताइस या संशोधकांनी १९४८ साली रक्ताच्या द्रवभागात पेशीबाहेर मोकळे फिरणारे डीएनए असते, असे दाखवून दिले. पुढे असे आढळले की, कर्करोगाच्या मरणाऱ्या पेशींचे डीएनएही तुकड्यांच्या रूपाने रक्तात मिसळते. त्या तुकड्यांवर गाठीतील जनुकीय बिघाडाची खूण जशीच्या तशी असते. निरोगी पेशींच्या असंख्य तुकड्यांतून असे मोजके तुकडे हुडकणे म्हणजे जोंधळ्याच्या राशीतून रंग बदललेला एकेक दाणा वेचण्यासारखे आहे. डिजिटल पीसीआर या पद्धतीत नमुन्याचे हजारो सूक्ष्म थेंब करून प्रत्येक थेंबात ही खूण आहे काय, हे स्वतंत्रपणे पाहिले जाते. हे तुकडे रक्तात फार काळ टिकत नाहीत. तासा-दोन तासांत त्यांचे प्रमाण घटते. म्हणूनच आज घेतलेल्या रक्तात रोगाची आजची स्थिती उमटते.

सिडनी व न्यूयॉर्क येथील अनुभव

या तिसऱ्या साक्षीदाराचा उपयोग कसा होतो, याचे उद्बोधक उदाहरण सिडनीच्या संशोधकांनी २०१८ साली प्रसिद्ध केले. प्रतिकारशक्तीवर आधारित औषधांचा एक विचित्र गुण असा की, काही रुग्णांच्या गाठी प्रथम मोठ्या झाल्यासारख्या दिसतात आणि नंतर विरघळतात. गाठीत शिरलेल्या प्रतिकारक पेशींमुळे तसा भास होतो. अशा वेळी चित्रतपासणी पाहून औषध बंद केले तर लागू पडणारा इलाजच हातचा जातो. आणि रोग खरोखर वाढत असताना औषध चालू ठेवले तर मोलाचा वेळ वाया जातो.

सिडनीच्या पाहणीत १२५ रुग्ण होते. त्यांपैकी २९ जणांच्या गाठी पहिल्या तपासणीत वाढलेल्या दिसल्या. पुढील काळात असे निष्पन्न झाले की, त्यांतील ९ जणांची वाढ आभासी होती व २० जणांची खरी. या ९ जणांपैकी प्रत्येकाच्या रक्तातील डीएनएने आधीच अनुकूल कौल दिला होता. तर खरी वाढ असलेल्या २० पैकी १८ जणांचा कौल प्रतिकूल होता. चित्राने जेथे घोटाळा केला तेथे रक्ताने मार्ग दाखविला. त्याचबरोबर दोन रुग्णांच्या बाबतीत रक्तही चुकले, ही गोष्ट नजरेआड करून चालणार नाही.

न्यूयॉर्कच्या संशोधकांनी २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातही असाच अनुभव आला. बीरॅफचा बिघाड असलेल्या व शस्त्रक्रिया शक्य नसलेल्या ३४५ रुग्णांपैकी ३२० जणांच्या रक्तात उपचारापूर्वी बिघडलेल्या डीएनएचे तुकडे सापडले. औषध सुरू केल्यावर चौथ्या आठवड्यात ज्यांच्या रक्तातून ते नाहीसे झाले, त्यांचा रोग दीर्घकाळ आटोक्यात राहिला व आयुर्मानही अधिक लाभले. एका महिन्यात मिळणारी ही सूचना उपचार करणाऱ्या डॉक्टरांना मोलाची वाटावी, हे स्वाभाविक आहे.

साक्षीच्या मर्यादा

साक्षीदार कितीही जाणता असला तरी न्यायाधीश होऊ शकत नाही. पहिली मर्यादा मेंदूची. रोग केवळ मेंदूत पसरलेला असेल तर त्याचे तुकडे रक्तात पुष्कळदा सापडतच नाहीत. तपासणी निर्दोष येते आणि रोग मात्र आत वाढत राहतो. म्हणून मेंदूची चित्रतपासणी टाळता येत नाही. दुसरी मर्यादा रोगाच्या आकाराची. शस्त्रक्रियेनंतर शरीरात अगदी थोड्या पेशी उरल्या असतील तर रक्तात खूण उमटण्याइतके तुकडे नसतात. खूण सापडली तर रोग उलटण्याची शक्यता बरीच मोठी असते. परंतु खूण न सापडलेल्यांपैकीही काहींचा रोग पुन्हा डोके वर काढतो. तिसरी मर्यादा अशी की, केवळ रक्तातील आकडा वाढला म्हणून औषध बदलल्याने रुग्णाचे आयुष्य वाढते, हे अद्याप निर्विवादपणे सिद्ध झालेले नाही. त्यासाठी मँचेस्टरसारख्या ठिकाणी खास चाचण्या हाती घेण्यात आल्या आहेत.

सर्वांत महत्त्वाची मर्यादा निरोगी माणसांच्या सरसकट तपासणीबाबत आहे. पश्चिम ऑस्ट्रेलियातील एडिथ कोवन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ साली सुरुवातीच्या अवस्थेतील मेलॅनोमा ओळखू शकणारी एक रक्ततपासणी जाहीर केली. १०५ रुग्ण आणि १०४ निरोगी व्यक्ती यांच्यावर ती पडताळली गेली. रुग्णांपैकी शेकडा ७९ जणांना तिने रुग्ण म्हणून ओळखले आणि निरोगी व्यक्तींपैकी शेकडा ८४ जणांना निरोगी ठरविले. संशोधनाच्या दृष्टीने हे यश उल्लेखनीय होते. तथापि येथे शाळेतील साधे गणित करून पाहावे. भारतात एक लाख लोकांमागे वर्षाला जेमतेम एखादा रुग्ण आढळतो. त्या लाख लोकांची अशी तपासणी केली तर त्या एका रुग्णाला ती कदाचित ओळखील. परंतु त्याच्याबरोबर शेकडा १६ या हिशेबाने सोळा हजार निरोगी माणसांनाही कर्करोगाचा संशय चिकटेल. त्यांची भीती, त्यांच्या पुढील तपासण्या, त्यांचा खर्च आणि रुग्णालयांवर पडणारा ताण यांचा विचार केला म्हणजे, “सर्वांनी रक्त तपासून घ्यावे” हा सल्ला दिसतो तितका निरुपद्रवी नाही, हे ध्यानात येईल. ज्याला रोग झाला आहे हे निश्चित ठाऊक आहे त्याच्यावर देखरेख ठेवणे हे एक काम. ज्याला काहीच झालेले नाही त्याच्यात रोग शोधणे हे अगदी निराळे काम. पहिल्या कामात रक्ताने आपली उपयुक्तता दाखविली आहे. दुसऱ्या कामासाठी ते अद्याप सिद्ध नाही.

तळवा आणि नख यांकडे दुर्लक्ष नको

आपल्याकडे मेलॅनोमा विरळ आहे, एवढ्यावर समाधान मानणे योग्य होणार नाही. सावळ्या वर्णाच्या लोकांत तो बहुधा उन्हाने भाजणाऱ्या जागी होत नाही. तळपाय, तळहात आणि नखाखालची जागा ही त्याची ठिकाणे. जमैकाचे जगप्रसिद्ध गायक बॉब मार्ले यांच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली १९७७ साली हा रोग आढळला. आरंभी तो फुटबॉल खेळताना झालेल्या दुखापतीचा परिणाम समजला गेला होता. पुढे तो शरीरभर पसरला आणि १९८१ साली, अवघ्या ३६ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

तळव्यावरील या प्रकारात बीरॅफचा बिघाड तुलनेने कमी रुग्णांत असतो. त्यामुळे केवळ त्या बिघाडाची खूण शोधणारी रक्ततपासणी आपल्याकडील अनेक रुग्णांच्या उपयोगी पडणार नाही. प्रथम गाठीचा तुकडा तपासून त्या रुग्णाचा बिघाड कोणता हे ठरवावे लागते. मगच रक्तात काय शोधायचे ते कळते. म्हणजेच रक्ततपासणीची वाटसुद्धा अखेर त्या डागापासूनच सुरू होते.

आणि डाग तर बाहेर, डोळ्यांसमोर असतो. अडचण एवढीच की, तळव्याकडे कोणी पाहत नाही. शेतात अनवाणी वावरणाऱ्याच्या पायाला काटा मोडणे, कुरूप होणे, भेगा पडणे या नित्याच्या गोष्टी आहेत. तळव्यावरील काळा डाग म्हणजे जुना काटा किंवा कुरूप, असे समजून त्यावर बिब्बा लावला जातो, तो ब्लेडने कोरला जातो किंवा त्याला डाग दिला जातो. यात महिने निघून जातात. जांघेत अवधाण आले, खोकला सुरू झाला किंवा वजन घटू लागले म्हणजे रुग्ण मोठ्या रुग्णालयाची वाट धरतो. तेव्हा रोग प्रगत झालेला असतो आणि ज्या रक्ततपासण्यांचा वर उल्लेख केला, त्या करण्याची वेळ आलेली असते.

गावपातळीवर करता येण्याजोगे

या परिस्थितीत शिक्षक, ग्रामसेवक, पंचायत सदस्य आणि आरोग्य कर्मचारी यांना बरेच काही करता येईल आणि त्यासाठी कोणत्याही यंत्राची गरज नाही. कुष्ठरोगाच्या शोधासाठी घरोघर जाऊन त्वचा पाहण्याची पद्धत महाराष्ट्रात जुनी आहे. मधुमेहाच्या रुग्णांना रोज पाय पाहण्याचा सल्ला दिला जातो. या दोन्ही प्रसंगी तळवे व नखे यांवरील काळ्या डागांकडेही लक्ष दिले तर वेगळ्या मोहिमेची आवश्यकता पडणार नाही.

लक्ष द्यावयाच्या खुणा थोड्या आहेत. तळव्यावर किंवा तळहातावर नव्याने उमटलेला आणि वाढत जाणारा काळा डाग; ज्याच्या कडा वेड्यावाकड्या आहेत किंवा रंग सर्वत्र सारखा नाही असा डाग; चिघळणारा अथवा रक्त येणारा डाग; एकाच नखाखाली उमटून रुंद होत जाणारी आणि नखाच्या बुडाशी कातडीवर पसरणारी काळी रेघ; महिनोन् महिने बरी न होणारी तळव्याची जखम. सावळ्या वर्णाच्या माणसांत अनेक नखांवर फिकट रेघा असतात व त्या बहुधा निरुपद्रवी असतात. तेव्हा घाबरण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो बदलाचा. वरीलपैकी एखादी खूण दिसल्यास बिब्बा, चुना, डाग देणे हे सर्व वर्ज्य करून रुग्णाला प्राथमिक आरोग्य केंद्रात व तेथून जिल्हा रुग्णालयात पाठवावे. कापून काढलेला भाग फेकून न देता तो सूक्ष्मदर्शकाखाली तपासला गेलाच पाहिजे, हा आग्रहही नातेवाइकांनी धरावा.

रोग प्रगत झाल्याचे निदान झाले असेल तर हताश होण्याचे कारण उरलेले नाही. कर्करोगाच्या मोठ्या रुग्णालयात उपचार चालू असताना वरचेवर रक्त का घेतात, असा प्रश्न रुग्णाला व नातेवाइकांना पडतो. त्या रक्तावरून औषधाचा परिणाम जोखला जातो, हे त्यांना समजावून सांगणारा एखादा माणूस गावात असेल तर ते ठरलेल्या तारखेला न चुकता जातील. एकाच अहवालातील वाढलेल्या आकड्याने ते धीर सोडणार नाहीत आणि एका निर्दोष अहवालावर विसंबून पुढील तपासणीही चुकविणार नाहीत. दुसरीकडे, निरोगी माणसाला “कर्करोगाची रक्ततपासणी” म्हणून कोणी महागडी चाचणी विकू पाहील तेव्हा, त्याला सोळा हजारांचे ते गणित समजावून सांगण्याचे कामही अशाच माणसाचे आहे.

सिडनीच्या प्रयोगशाळेतील यंत्रे प्रत्येक तालुक्यात पोहोचण्यास वेळ लागेल. परंतु आठवड्यातून एकदा पाय धुताना घरातील मोठ्यांचे तळवे पाहण्याची सवय एखाद्या शिक्षकाला आपल्या वर्गातील मुलांना आजच लावता येईल. मुलांनी घरी जाऊन आजोबांच्या टाचेवरील वाढता डाग दाखवून दिला आणि आजोबा वेळेवर दवाखान्यात पोहोचले, तर त्यांच्या बाबतीत रक्ताच्या साक्षीची पाळी बहुधा येणारच नाही.